डुक्कर आडवं आलं जी

माझ्या उजव्या मांडीत एक स्टीलचा दांडा आहे. ज्यांच्या मांडीत असा दांडा नुकताच बसला आहे किंवा लवकरच बसणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तो कसा बसवतात ते डॉक्टर सांगू लागतील, तर ऐकू नका. मी ऐकलं आणि त्या दिवशीचं जेवण तसंच राहिलं. डॉक्टर जे सांगत नाहीत तेवढंच मी सांगणार आहे. बेडपॅनवर असताना तत्त्वाला कसं चिकटून राहायचं, भेटायला आलेल्या नातेवाइकांसमोर डोळे कधी मिटायचे, आणि आपल्याला कोणी पाडलं हे घरच्यांनी आपल्याला न विचारताच ठरवून टाकलं असेल तर काय करायचं.

मला रानडुकरानं पाडलं असं ठरलं होतं. मी पडले तेव्हा तिथे डुक्कर नव्हतं.

माळ्यावरचा गठ्ठा

आधी घरचं सांगते. ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावात बाबांचं शिवणकामाचं दुकान आहे. पण कपड्यांपेक्षा त्यांनी पत्रकं जास्त काढली आहेत. माझं जागृती हे नावसुद्धा एका पत्रकाच्या मथळ्यातून आलं. आमच्याकडे भाकरी पत्रकात बांधली जायची, फुटलेल्या खिडकीला पत्रक चिकटवलेलं असायचं, आणि मी वाचायला शिकले तीही पत्रकांवरच. इतर मुलं ‘कमळ’ वाचत होती तेव्हा मी ‘जाहीर निषेध’ वाचत होते.

माळ्यावर त्या पत्रकांचा गठ्ठा आहे. अगदी तळाला आहे ते म्हणतं, ‘रस्ता झालाच पाहिजे.’ त्या काळी आमच्याकडे माणसं सापानं मरत, तापानं मरत, डोंगा उलटून वैनगंगेत मरत. रस्त्यावर मरायला रस्ताच नव्हता. त्याच्यावरचं पत्रक म्हणतं, ‘डांबर टाका.’ त्याच्यावरचं, ‘रुंद करा.’ मग रस्ता खरोखर रुंद आणि गुळगुळीत झाला, घरोघरी मोटारसायकल आली, आणि पुढचं पत्रक निघालं, ‘गतिरोधक द्या.’ गतिरोधक मिळाले. त्यांवर पांढरा पट्टा मारायचं राहून गेलं, म्हणून त्यापुढचं पत्रक, ‘गतिरोधक काढा.’

रस्ते सुधारत गेले तशी त्यांवर मरणारी माणसं वाढत गेली, हे कळायला मला कुठला अहवाल लागला नाही. माळा पुरला. आता फोन केला की अॅम्ब्युलन्स येते, दवाखाने पूर्वीपेक्षा बरे आहेत, तरी उन्हाळ्यात आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकांबरोबर तेरवीच्याही येत राहतात. आणि त्या तेरव्या म्हाताऱ्यांच्या नसतात.

गठ्ठ्यात सगळ्यात वरचं पत्रक माझं. ‘रस्त्यावरचा मृत्यू हे नशीब नव्हे.’ त्यात सरकारला बऱ्याच मागण्या होत्या, आणि सातवं कलम आपल्याच लोकांसाठी होतं: रस्त्यावर पिकाची मळणी करू नये.

कलम सात

बाहेरच्यांसाठी समजावून सांगते. आमच्या भागात धान निघालं की त्याच बांधीत, म्हणजे भाताच्या बांधबंदिस्त शेतात, लाखोळी होते. तिची डाळ निघते. होळीच्या आधी ती उपटून वाळवतात आणि मळतात. पूर्वी मळणीला खळं असायचं आणि खळ्यावर बैल फिरायचे. आता बैल विकले गेले आणि खळ्याच्या जागेवर घरं झाली. पण दारासमोर तापलेला, सपाट, काळाभोर रस्ता आहे. त्यावर झाडं पसरायची आणि सावलीत बसायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाकं मळणी करून देतात. रस्ता सरकारचा, गाडी दुसऱ्याची, पेट्रोल दुसऱ्याचं, डाळ आपली. याहून मोठा समाजवाद बाबांनाही कधी सुचला नव्हता.

वरची काडी वाळून गुळगुळीत झालेली असते आणि तिच्याखाली दाणे सुटलेले असतात, बारीक आणि टणक. त्यावर ब्रेक दाबायचा नसतो. मी दाबला.

नदीपलीकडे वसंतमामाचं गाव आहे. हा आईचा एकुलता एक भाऊ. तिथल्या बाजारात वाटायला मी स्कूटीवर पत्रकांचा गठ्ठा घेऊन निघाले होते. डोक्यावर हेल्मेट होतं, म्हणून हे लिहायला मी आहे. गावाअलीकडच्या वळणावर एकाएकी रस्ता पिवळा झाला. स्कूटी एका बाजूला गेली आणि मी दुसऱ्या. पत्रकं उडाली आणि सावकाश लाखोळीवर येऊन बसली.

मोहाच्या झाडाखालून पीक राखणारा माणूस धावत आला. तो वसंतमामा होता. पीक त्याचंच होतं.

“जागू,” तो म्हणाला, “तू काऊन आली व इथी?”

दुसरं कोणी असतं तर चाललं असतं, असा त्या प्रश्नाचा अर्थ होता. पण हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी ओरडत होते. कोणीतरी माझ्या नाकाला चप्पल लावली.

“फीट नाई आली व तिले, पाय मोडला,” मामा म्हणाला.

“असू दे ना. हुंगू दे. नुकसान तं नाई,” चप्पलवाली बाई म्हणाली.

मामानं दोन काठ्या शोधल्या आणि स्वतःच्या दुपट्ट्यानं माझा पाय त्यांना बांधला. तो इतका नीट बांधला होता की पुढे दवाखान्यात सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा मी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. रस्ता लख्ख होता. काडी नाही, दाणा नाही, झाडूचे फराटे तेवढे दिसत होते. सार्वजनिक काम इतक्या तातडीनं झालेलं मी आमच्या तालुक्यात त्याआधी पाहिलं नव्हतं.

बहुतेक

ब्रह्मपुरीत हाडाचा फोटो काढला आणि मला चंद्रपूरच्या दवाखान्यात पाठवलं. तिथे एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, “कसं झालं?”

इंजेक्शनानं माझी जीभ जड झाली होती. मी ‘ला’ म्हणेपर्यंत मामा म्हणाला, “डुक्कर आडवं आलं जी.”

डॉक्टरांनी मान वर न करता लिहून घेतलं. त्यांच्या पेनाला तो शब्द पाठ होता.

मग त्यांनी फोटो उजेडावर धरला. मांडीचं हाड दोन ठिकाणी दिसत होतं आणि दोन्ही ठिकाणं एकमेकांशी बोलत नव्हती. “दांडा घालू. काही महिने लागतील. चालाल तुम्ही, बहुतेक.”

निदानाच्या दिवशी माणसाला शंभर गोष्टी सांगतात आणि त्याच्या लक्षात एकच राहते. माझ्या लक्षात ‘बहुतेक’ राहिलं. ऑपरेशनच्या टेबलावर मी मनात कुठल्याही देवाचं नाव घेतलं नाही, ते तत्त्वात बसत नाही. पण ‘बहुतेक’चं घेत होते. तुमच्याही डॉक्टरांनी तो शब्द वापरला असेल तर एक सांगते. नंतर विचारल्यावर ते म्हणाले, सवय आहे, सगळ्यांनाच म्हणतो.

वॉर्डातली जनावरं

आमचा बायकांचा वॉर्ड होता आणि सगळ्यांची हाडं मोडलेली होती. ओळखी होऊ लागल्या तसं लक्षात आलं की प्रत्येकीमागे एक जनावर आहे. समोरचीला नीलगाय आडवी आली होती. दारापाशीच्या मुलीला कुत्रं. कोपऱ्यातल्या बाईला बैल. तो बैल म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणारा तिचा नवरा, हे तिनं आठवड्यानंतर सांगितलं, तेही तो चहा आणायला गेला असताना. ऐकून वाटायचं की ताडोबा रिकामं पडलं असावं आणि झाडून सगळी जनावरं रस्त्यावर आमची वाट पाहत उभी असावीत.

फक्त माझ्या शेजारच्या खाटेवरच्या काशाबाईकडे जनावर नव्हतं. ही धानोऱ्याकडची म्हातारी, खुबा मोडून आली होती.

“जीपच्या मांगं लटकून होती. हात सुटला,” ती सांगायची. तिच्या गोष्टीत तेवढंच होतं, म्हणून तिला माझ्या डुकरात फार रस होता.

“मेलं काय जी डुक्कर?” तिनं मामाला पहिल्याच दिवशी विचारलं.

“नाई बाई. पळालं.”

“मोठं होतं?”

“मोठं होतं.”

“अरे अरे,” काशाबाई म्हणाली. “एवढं मोठं, आन कोणी खाल्लंबी नाई.”

तिच्या समाधानासाठी मामाला ते डुक्कर रोज थोडं वाढवावं लागलं. आधी सुळे आले. मग मागे पिल्लं आली. मामी भेटायला आली तेव्हा तिला पिल्लांचं माहीत नव्हतं, म्हणून तिनं ते एकटंच होतं असं सांगितलं. काशाबाई रागावली. “तुमी घरून ठरवून काऊन येत नाई?”

डुकराला खरा धोका होता तो नर्सपासून. ती माझ्या कोपराची जखम पुसत होती. चिमट्यात एक दाणा आला, मग दुसरा. वेणीतही होते. तिनं ते ट्रेमध्ये ओळीनं ठेवले.

“हे काय आहे?”

“लाखोळी,” आई म्हणाली आणि जीभ चावली.

“डुकराच्या अंगाला होती का?”

आईनं क्षणभर विचार केला. “खाऊन आलं असंन.”

तो ट्रे उचलायच्या आत वनरक्षक आला. वन्यप्राण्यानं जखमी केलं तर सरकार भरपाई देतं, आणि आमच्या कोणा हितचिंतकानं परस्पर कळवून टाकलं होतं. तो बिचारा पंचनाम्याला निघाला होता. पायाचे ठसे कुठे दिसतील, डुक्कर कुठून आलं, कुठे गेलं, असं सगळं विचारत होता. मामा फार चांगली उत्तरं देत होता. मग वनरक्षक म्हणाला, “पिकाचंबी नुकसान केलं काय? तेबी लिवता येते.”

मामातला शेतकरी जागा झाला. “केलं ना जी. थोडी लाखोळी चेंदली त्यानं.”

“कोन्या बांधीतली?”

“बांधीतली नाई. रोडवर—” आणि मामा थांबला.

वनरक्षकानं त्याच्याकडे पाहिलं, ट्रेमधल्या दाण्यांकडे पाहिलं, आणि वही मिटली. जाताना तो मला म्हणाला, “आराम करा, मॅडम.” आमच्या घरच्यांपेक्षा त्याला जास्त समज होती.

तत्त्व आणि बेडपॅन

मी ठरवलं होतं की पोलीस जबाब घ्यायला आले की खरं सांगायचं. मी आयुष्यभर काय लिहीत आले होते? अपघाताला कारण असतं, आणि ते दडवलं की पुढचा अपघात तिथेच होतो. आणि माझ्याच कागदावर डुक्कर?

“मी खरं सांगणार,” मी आईला म्हटलं.

तिच्या हातात बेडपॅन होता. “सांग. पन आंधी हे घे.”

तत्त्व सांगायला माणूस उभा असावा लागतो, हा माझा आजारपणातला पहिला शोध. आडवं पडून, पाठ उचलून, शेजारी काशाबाई बघत असताना कुठलीही भूमिका ठाम वाटत नाही.

“माह्या भावाले जेलात धाडशीन?” आईनं विचारलं.

“जेल होत नाही त्यात. दंड होतो.”

“पोलीस दारात येतेत का नाई?”

“येतात.”

“मंग फरक काय झाला?”

बाबा खिडकीपाशी उभे होते. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही बोला.” बाबा तत्त्वाचं बोलतात तेव्हा पुस्तकी बोलतात आणि घाबरले की झाडी, म्हणजे आमची घरची बोली, बोलतात.

“तत्त्व म्हणून तुझी भूमिका निर्विवाद आहे,” ते म्हणाले.

“आणि व्यवहारात?”

“व्यवहारात तुही आई तिथी उभी हाये.”

ज्या माणसानं सगळ्या शासनाचा जाहीर निषेध केला होता, त्याला मेव्हण्याचा साधा उल्लेखही करता येईना. मी चिडले, आणि मग मला हसू आलं. हसलं की टाके ओढले जातात, हे तुम्हालाही कळेल.

मामा मात्र एसटीनं येत राहिला. चंद्रपूर त्याला जवळ नव्हतं, तरी एका आड एक दिवस डबा घेऊन तो दारात हजर. मला व्हीलचेअरवरून न्हाणीपर्यंत नेण्याचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं होतं. उंबरठा आला की तो आधीच सांगायचा, “धक्का बसन हं,” आणि खुर्ची अशी उचलायचा की धक्का बसायचा नाही. एकदा डब्यात लाखोळीचे वडे होते. कोणत्या लाखोळीचे, हे आम्ही दोघांनी विचारलं नाही, सांगितलं नाही. वडे चांगले झाले होते. मी सगळे खाल्ले.

भीतीचंही सांगायला हवं, कारण ती सगळ्यांना वाटते आणि सगळे हाडाविषयीच बोलतात. फरशीवरून ट्रॉलीची चाकं आली की मी चादर घट्ट धरायचे. वॉकर धरून पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा वॉर्ड इतका खाली दिसला की मी पुन्हा बसले. “उठ व,” काशाबाई म्हणाली, “इथी डुक्कर येत नाई.” गुडघा वाकवायला लावलं तेव्हा मी त्या व्यायाम शिकवणाऱ्या माणसाला भांडवलशाहीचा दलाल म्हणाले. तो म्हणाला, “आणखी थोडं, मॅडम.” तुम्हीही शिव्या द्या. त्यांना सवय असते.

कॉलरमधल्या काड्या

एका दुपारी व्हरांड्यात धावपळ झाली. आमच्याच रस्त्यावरून, मामाच्या गावापुढच्या वळणावरून, एका माणसाला आणलं होतं. ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात कारकून होता, बायकोच्या माहेरी, पुढच्या गावाला चालला होता. हेल्मेट नव्हतं. तासाभरात त्याला नागपूरला हलवलं आणि वाटेतच तो गेला, असं संध्याकाळी नर्सनं सांगितलं.

मामा तेव्हा माझ्यासाठी चहा आणायला गेला होता. स्ट्रेचर त्याच्या समोरून गेलं. तो परत आला तेव्हा चहा थंड झाला होता.

“नीलगाय म्हणून राह्यले ते लोक,” तो म्हणाला.

मी कप हातात घेतला.

“जागू, त्याच्या कॉलरमंधी काड्या होत्या.”

“कसल्या?”

त्यानं माझ्या वेणीकडे बोट दाखवलं. ती लाखोळी मामाची नव्हती. मी पडले त्या दिवशीच त्यानं आपलं पीक उचललं होतं. पण त्या रस्त्यावरच्या गावांतले सगळेच पीक रस्त्यावर टाकत होते, आणि मामानं कोणाला काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार होता? आपल्याला तर डुक्कर आडवं आलं होतं.

तो स्टुलावर बसून राहिला. काशाबाईनं डुकराचं काहीतरी विचारलं, त्यानं ऐकलं नाही. मग एसटीची वेळ झाली असं म्हणून उठला. त्यानंतर बरेच दिवस डबा दुसऱ्या कोणाकडून येत राहिला.

जबाब

हवालदार आला तो भला माणूस होता, आणि त्याला घाई होती. “तुमाले तकलीप नोको म्हणून लिवूनच आनलं हाये,” तो म्हणाला. “सही करा फक्त.” आणि वाचू लागला, “‘सदर रस्त्याने जात असता अचानक एक रानडुक्कर,’ कोन्या बाजूनं आलं? उजव्या का डाव्या?”

माझ्या उशीखाली दोन पानं होती. ती मी व्यायामाच्या कळा सोसत लिहिली होती आणि तशी तिखट पानं मी आजवर लिहिली नव्हती. आई खाटेवर बसली होती, तिचा हात माझ्या पावलावर होता. बाबा खिडकीत. आणि पायथ्याशी, त्या दिवशी नेमका आलेला मामा. तो वाळला होता. शर्टाच्या गुंड्या वरखाली लावल्या होत्या, एक बाजू लांब, एक आखूड.

मी त्या गुंड्यांकडे पाहिलं आणि उशीखालची दोन्ही पानं विसरून गेले.

“डाव्या,” मी म्हटलं.

“डाव्या,” हवालदार लिहू लागला.

“डुक्कर नोहोतं साहेब,” मामा म्हणाला.

हवालदारानं पेन उचललं. “मंग? नीलगाय होती?”

“लाखोळी होती. माही.”

“लाखोळी म्हंजे?”

“डाळ जी.”

“डाळ आडवी आली?”

“नाई. म्या आडवी टाकली होती.”

हवालदारानं पेनाचं टोपण लावलं आणि आवाज खाली आणला. “भाऊ, समजून राह्यलं काय तुमाले? पोरीची तक्रार नाई. मी इचारलं नाई. तुमी तुमच्याच गळ्यात घालून घेऊन राह्यले.”

“हो जी.”

“इतके वर्सं झाले, या रोडवर जनावरानंच पाडले सारे. मानसानं एकबी नाई. आता तुमच्या एकट्यापायी मी काय करू?”

“बाकीच्याइचं मी काय सांगू,” मामा म्हणाला. “माहं बदलवा.”

मला वाटलं आई रडेल. ती उठली, भावापुढे उभी राहिली, आणि त्याच्या शर्टाच्या गुंड्या सोडून पुन्हा नीट लावू लागली. वरपासून खालपर्यंत. तो लहान मुलासारखा हनुवटी वर करून उभा होता.

“म्हंजे डुक्कर नोहोतंच काय?” काशाबाई म्हणाली. “म्या तं येनाऱ्या-जानाऱ्या साऱ्याइले सांगून ठेवलं.”

हवालदारानं कोरा कागद मागितला. बाबांनी तत्परतेनं पिशवीतून काढून दिला. हवालदारानं तो उलटून पाहिला, मागे ‘जाहीर निषेध’ छापलेलं होतं. “हा नाई चालत,” तो म्हणाला. शेवटी नर्सनं दिला.

घरी

मी काठी घेऊन चालते. उजवा पाय थोडा मागे राहतो, आणि पाऊस यायचा असला की दांडा रेडिओच्या आधी सांगतो. डॉक्टर म्हणाले, काठी सुटेल. या वेळी ‘बहुतेक’ म्हणाले नाहीत. मी वाट पाहत होते.

मामावर गुन्हा लागला, तारीख पडली, दंड झाला, त्यानं भरला. गावाला त्याचं खरं बोलणं जास्त महाग पडलं, कारण पोलिसांनी येऊन रस्त्यावरचं सगळ्यांचं पीक उचलायला लावलं. पानठेल्यावर लोक त्याला हरिश्चंद्र म्हणू लागले आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटताना त्याचा नंबर मागे ढकलू लागले. बाबांनी नवं पत्रक काढलं, ‘गावाला सामूहिक खळं द्या.’ पहिली सही मामाची. जागा मोजायला एक माणूस आला आणि मोजून गेला. यंदा लाखोळी पुन्हा रस्त्यावर दिसली, पण कमी. काहींनी सावधगिरी म्हणून तिच्या आधी दगड मांडून ठेवले. त्या दगडांसाठी मला वेगळं कलम लिहावं लागणार आहे.

यंदाच्या होळीच्या सुमारास मामा आमच्याकडे आलेला असताना एक बाई दारात उभी राहिली. त्या कारकुनाची बायको. चौकशी करत एसटीनं आली होती. तिनं पाणी घेतलं, चहा नको म्हणाली.

“स्वताहून सांगनारे भाऊ तुमीच काय?” तिनं मामाला विचारलं.

“हो बाई.”

“तुमी त्याइले पायलं होतं, दवाखान्यात. नर्सबाईनं सांगितलं.”

“पायलं होतं.”

“नीलगाय नोहोती ना?”

मामा खाली बघत राहिला. “कॉलरमंधी काड्या होत्या,” तो म्हणाला. “लाखोळीच्या.”

बाईनं मान हलवली. तिला ते माहीत होतं, दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. “माह्याच भावानं नीलगाय सांगितली,” ती म्हणाली. “शेजाऱ्याचं पीक होतं. गावात राहा लागते त्याले, मले समजते. मले कोनाचं वाईट कराचं नाई, भाऊ. पन माहं पोरगं मोठं झाल्यावर इचारन, बाप कायनं गेला. मी काय सांगू त्याले, गायीनं?”

आई आत गेली आणि चहा ठेवला, नको म्हटलं होतं तरी. भांड्याचा आवाज जरा जास्तच झाला.

मामा उठला. खुंटीवरचा शर्ट काढला, अंगात घातला. गुंड्या बघून लावल्या. मग मला म्हणाला, “चाल.”

“मी कशाला?”

“मले सांगता येते. तुले लिवता येते.”

ठाण्याच्या पायऱ्या उंच होत्या. मी काठी आधी ठेवत, मग चांगला पाय, मग दांड्याचा, अशी चढले. बाई माझ्यासाठी थांबत होती. आत तोच हवालदार बसला होता. त्यानं आधी मामाकडे पाहिलं आणि लांब श्वास सोडला, मग माझ्या काठीकडे, मग तिच्याकडे. टेबलावर एक लिहून तयार असलेला कागद होता. कोणाचा होता कोण जाणे. तो त्यानं बाजूला सारला आणि खणातून कोरा काढला.

“बसा, बाई,” तो म्हणाला. “हळूहळू सांगा.”